दिवा बाहेर, उजेड आत

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाल्यानंतर आणि पाने मांडण्याआधी विज्ञानावर बोलायचे म्हणजे वक्त्याची कसोटीच असते. पण समितीने 'प्रकाशतंतू' हा विषय दिला आणि मी तो आनंदाने घेतला, कारण माझे पोट त्याच्यावरच चालले. इस्पितळांतल्या दुर्बिणी आणि त्यांचे दिवे दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय. आपल्यापैकी काहींची घराणी व्यंकोजीराजांच्या काळापासून या राजवाड्याच्या आसपास नांदत आहेत, आणि काही जण माझ्यासारखे नोकरीपायी इकडे आलेले आणि इथेच रुजलेले. दोघांनाही उपयोगी पडेल असे काही सांगण्याचा प्रयत्न करतो.

समई लावली की उजेडाबरोबर तिची धग, काजळी आणि तेलाचे थेंबही तिथेच येतात. विजेचा दिवा लावला तरी उष्णता आणि वायर येतेच. उजेड हवा असेल तर दिव्याचे बाकीचे लटांबरही सोसावे लागते, अशीच माणसाची शेकडो वर्षे समजूत होती. प्रकाशवाहकाने एवढेच केले की दिवा एका जागी ठेवला आणि उजेड दुसऱ्या जागी नेला. ऐकायला सोपे वाटते, पण ते जमायला दीडशे वर्षे लागली.

फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी नावाच्या डॉक्टरने १८०६ च्या सुमारास शरीराच्या आत डोकावण्याचे एक उपकरण केले. एका पेटीत मेणबत्ती, तिच्यामागे आरसा आणि पुढे नळी. त्याला त्याने जर्मन भाषेत जे नाव दिले त्याचा शब्दशः अर्थ 'प्रकाशवाहक' असाच होतो. व्हिएन्नातल्या मोठ्या वैद्यांनी ते खेळणे म्हणून बाजूला सारले आणि बोझिनी १८०९ मध्ये वारला. त्याच सुमारास आपल्याकडे दुसरे सरफोजीराजे गादीवर होते (१७९८ ते १८३२). त्यांचा धन्वंतरी महाल आणि त्यांच्या काळातले नेत्रोपचार आपल्याला ठाऊक आहेत. सरस्वती महालात त्या काळच्या नेत्ररुग्णांचे केसपेपर आहेत, त्यांत रुग्णाची हकीकत आहे आणि डोळ्याचे रंगीत चित्रही आहे. पण तिकडे फ्रँकफर्टला काय आणि इकडे तंजावरला काय, अडचण एकच होती. बाहेरून जेवढे दिसेल तेवढेच बघायचे. आत अंधार.

पुढे १८७९ साली माक्स नित्झे याने मूत्राशयात पाहण्याची दुर्बीण केली. तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तार वीज सोडून तापवायची आणि रोगी भाजू नये म्हणून तिच्याभोवती पाणी खेळवायचे! एडिसनच्या बल्बनंतर टोकाला इवलासा बल्ब बसवू लागले. तो तापायचा, मंद पडायचा आणि तपासणीच्या ऐन मध्यावर उडायचा. म्हणजे दिवा अजून आतच होता.

आता उजेड वळणाने न्यायचा कसा? शाळेत आपण शिकलो की प्रकाश सरळ रेषेत जातो. ते खरेच आहे, आणि प्रकाशतंतूतही तो सरळच जातो. फक्त त्याला बाहेर पडू दिले जात नाही. शिवगंगा तळ्यात बुडी मारून ज्यांनी पाण्याखालून तिरपे वर पाहिले असेल त्यांना आठवेल, एका मर्यादेपलीकडे वरचे आकाश दिसत नाही, पाण्याचा पृष्ठभागच आरशासारखा चमकतो. पाण्यातून हवेत निघालेला किरण लंबाशी सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त तिरपा असेल तर तो बाहेर न जाता आत परततो. साध्या काचेच्या बाबतीत हा कोन ४२ अंशांच्या आसपास आहे. जिनिव्हाच्या कोलाडोन याने १८४१ मध्ये पाण्याच्या धारेत उजेड सोडून हे दाखवले, आणि नंतर लंडनला टिंडालनेही. आज आपण तेच करू. ही प्लास्टिकची बाटली, तळाजवळ भोक पाडलेले, मागून टॉर्च.

(या ठिकाणी सभागृहातले दिवे मालवून प्रयोग दाखवण्यात आला.)

पाहिलेत, धार वाकली आणि उजेड तिच्याबरोबर बादलीत गेला. कुणी विचारेल, मग आतून चांदीचा मुलामा दिलेली नळी का नाही चालत? आरसा प्रत्येक वेळी थोडा उजेड खातो. समजा शंभरातले पाच खाल्ले, तर शंभर टप्प्यांनंतर हाती एक टक्कासुद्धा राहणार नाही. बारीक तंतूत तर एका मीटरमध्ये हजारो टप्पे पडतात. पूर्ण आंतरिक परावर्तनात मात्र काहीच खाल्ले जात नाही. सगळी किमया त्या 'काहीच'मध्ये आहे.

आपल्या देशातले नाव इथे येते. नरिंदरसिंग कपानी, जन्म १९२६, पंजाबातले मोगा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी हजारो काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेले. तो निबंध 'नेचर' नियतकालिकात जानेवारी १९५४ मध्ये आला. कपानी २०२० मध्ये गेले, आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पण त्या पहिल्या जुडीत एक खोट होती. उघडा काचतंतू दुसऱ्या तंतूला टेकला, त्याला बोट लागले किंवा तेलकटपणा चिकटला, की तिथून उजेड गळतो. उपाय म्हणजे काचेवर काचेचेच कवच, पण किंचित कमी वक्रीभवनाच्या काचेचे. मग परावर्तन आतल्या आत, दोन काचांच्या सीमेवर होते आणि बाहेर कुणी काही लावले तरी फरक पडत नाही. हे मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने डिसेंबर १९५६ मध्ये करून दाखवले. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठातले डॉ. हिर्शोविट्झ यांनी तंतूंची दुर्बीण रोग्याच्या पोटात घालण्याआधी स्वतः गिळून पाहिली. अशा डॉक्टरांविषयी मला फार आदर आहे.

इस्पितळातली प्रकाशवाहक केबल कशी करतात ते सांगतो, कारण ती माझ्या हातातली वस्तू आहे. जास्त वक्रीभवनाच्या काचेची कांडी घ्यायची आणि ती दुसऱ्या काचेच्या नळीत सरकवायची, शिसपेन्सिलीत शिसे असते तशी. हे जोडगे उभे टांगून खालचे टोक भट्टीत मऊ करायचे आणि ओढायचे. एकतारी पाकाची तार निघते तशी काचेची तार निघते. गंमत अशी की पेन्सिल ओढून केसाएवढी केली तरी आत शिसे आणि बाहेर लाकूड हे प्रमाण तसेच राहावे, तसे इथे घडते. तार तीस ते सत्तर मायक्रॉन जाडीची असते आणि एका मोठ्या चाकावर गुंडाळली जाते. मग अशा हजारो तारांची जुडी बांधून दोन्ही टोके चिकटवायची किंवा तापवून एकजीव करायची, कापायची, घासायची आणि आरशासारखी चकचकीत करायची. टोक घासण्यात कसर राहिली तर आधीचे सगळे कष्ट वाया जातात. गोल तारांच्या मध्ये पोकळ्या राहतात, डब्यात वाटाणे भरल्यावर राहतात तशा, आणि तेवढा उजेड फुकट जातो. तापवून एकजीव केल्यावर तारा दबून षट्कोनी होतात आणि ती पोकळी जवळजवळ नाहीशी होते.

केवळ उजेड न्यायचा असेल तर कुठली तार कुठे निघाली याला महत्त्व नाही. चित्र न्यायचे असेल तर मात्र प्रत्येक तार दोन्ही टोकांना त्याच जागी हवी. ते काम अतिशय किचकट आणि महाग. १९८३ पासून दुर्बिणीच्या टोकाला इवलासा कॅमेरा बसू लागला आणि चित्राच्या जुड्या मागे पडत गेल्या. उजेडाच्या जुड्या मात्र अजून आहेत. पित्ताशयाचे दुर्बिणीचे ऑपरेशन ज्यांचे झाले असेल त्यांच्या पोटात अशाच केबलमधून उजेड गेला. दिव्याची पेटी शेजारच्या ट्रॉलीवर.

या केबलला दवाखान्यात कोणी वाली नसतो. मला बोलावणे येते ते 'बल्ब बदला, अंधुक दिसते' असे. बल्ब चांगलाच असतो. एका ठिकाणी केबल धुतल्यानंतर स्टीलच्या छोट्या ट्रेमध्ये बसावी म्हणून घट्ट वेटोळे करून कोंबत असत. मी तिचे एक टोक खिडकीकडे धरले आणि दुसऱ्यात पाहिले, तर निम्मी जागा काळ्या ठिपक्यांनी भरलेली. प्रत्येक काळा ठिपका म्हणजे एक तुटलेली तार. नवा बल्ब घालून उपयोग काय! सर्जन अंधुक उजेडात रक्तवाहिनी शोधत होते आणि दोष दिव्याला देत होते. आपल्यात परिचारिका भगिनी आहेत, त्यांना विनंती: वितीपेक्षा लहान वेटोळे करू नका, आणि महिन्यातून एकदा खिडकीकडे धरून पाहा. पाव भाग काळा दिसला तर केबल बदलायला सांगा. दुसरे असे की याला 'थंड प्रकाश' म्हणतात, त्या नावावर विसंबू नका. दिव्याची बरीचशी उष्णता गाळून टाकलेली असते, सगळी नाही. चालू केबलचे मोकळे टोक रोग्यावरच्या कापडावर ठेवले तर कापड जळते. असे अपघात झालेले आहेत.

डोळ्यांकडे पुन्हा येतो. पडदा सरकणे, आत रक्तस्राव होणे यांवर डोळ्याच्या आत शिरून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत अमेरिकेत माखेमर यांनी १९७०-७१ च्या सुमारास बसवली. यात बुबुळाच्या बाजूने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या नळ्या आत जातात. एकीतून कापण्याचे उपकरण, एकीतून द्रव आणि एकीतून प्रकाशतंतू. मधुमेहाने नजर गेलेली माणसे यामुळे पुन्हा वाचू लागली. पण इथे उजेडच जपून वापरावा लागतो. पडद्याच्या मध्यबिंदूवर प्रखर उजेड फार वेळ जवळून पडला तर पडदा भाजतो. म्हणून सर्जन तंतूचे टोक सतत हलते आणि जरा लांब ठेवतात. केसपेपरावर डोळ्याचे चित्र रंगवून घेणाऱ्या राजाला डोळ्याच्या आत ठेवलेला हा दिवा बघायला आवडला असता.

आता लांबच्या प्रवासाचा तंतू, म्हणजे टेलिफोन आणि इंटरनेटचा. वर सांगितलेली काच दोन-तीन मीटरला ठीक आहे, मैलांच्या प्रवासाला निरुपयोगी. काचेतले लोखंडाचे, तांब्याचे अंश उजेड गिळतात. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी हॉकहॅम यांच्यासह मांडले की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे. एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग जरी उरला तरी टेलिफोनचे काम भागेल. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तिघांनी ते साधले. काओंना नोबेल मिळाले २००९ मध्ये. आज एका किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव भाग उरतात, आणि उजेड निम्मा व्हायला पंधरा किलोमीटर लागतात. खिडकीची काच पंधरा किलोमीटर जाड असती तर पलीकडे काय दिसले असते, याचा विचार करून पाहा.

हा तंतू महाराष्ट्रात होतो, आणि कुठे होतो ते ऐकून आपल्याला मौज वाटेल. भोसल्यांचे मूळ ठिकाण वेरूळ. मालोजीराजे तिथले, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी कोरवलेला मराठी लेख त्याच घराण्याचा. त्या वेरूळपासून तीसएक किलोमीटरवर औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. तिथे वाळूज आणि शेंद्रा इथल्या औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट कंपनीचे कारखाने काचेची कांडी बनवण्यापासून तंतू ओढण्यापर्यंतचे काम करतात.

शुद्ध काच मिळवण्याची युक्ती फार सुंदर आहे. वाळू वितळवून काच केली तर वाळूतला मळ काचेत येणारच. म्हणून वाळूतले सिलिकॉन क्लोरीनशी जोडून एक द्रव करतात, सिलिकॉन टेट्राक्लोराइड. तो ५८ अंशांच्या आसपास उकळतो. लोखंडासारख्या धातूंची क्लोराइडे त्या तापमानाला उडत नाहीत, ती मागे राहतात. अर्क काढल्यासारखी ही वाफ बाजूला घ्यायची आणि प्राणवायूबरोबर तापवायची, की शुद्ध काचेची पांढरी काजळी धरते. एका पद्धतीत ही काजळी फिरत्या काचनळीच्या आतल्या बाजूला थरावर थर बसवतात, गाभ्याच्या थरांत जर्मेनियम मिसळून त्यांचे वक्रीभवन किंचित वाढवतात, आणि शेवटी नळी तापवून भरीव कांडी करतात. गाभा आणि कवच यांच्या वक्रीभवनातला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तेवढा पुरतो, कारण किरण जवळजवळ सरळच चाललेला असतो.

मग ही कांडी अनेक मजली उंच मनोऱ्याच्या माथ्यावर चढवतात. तिथे भट्टी सुमारे दोन हजार अंशांची. खालचे टोक मऊ होऊन एक थेंब सुटतो आणि स्वतःच्या वजनाने खाली येताना तार ओढतो. सोनार तार ओढतो तेव्हा भोकाची पट्टी असते, इथे कसलेही भोक नाही. जाडी ठरते ती फक्त ओढण्याच्या वेगावर. लेसरने जाडी सतत मोजली जाते, आणि १२५ मायक्रॉनपेक्षा केसभर (खरे तर केसाच्या शंभराव्या भागाएवढी!) कमी-जास्त झाली की चाकाचा वेग बदलतो. या १२५ मायक्रॉनमध्ये उजेड चालतो तो गाभा फक्त आठ-दहा मायक्रॉनचा. तार थंड होताच तिच्यावर प्लास्टिकचे दोन लेप चढतात आणि अतिनील किरणांनी तत्क्षणी वाळतात. लेप उशिरा चढला तर हवेतली धूळ आणि बाष्प काचेवर सूक्ष्म चरे पाडतात आणि तीच तार पुढे तुटते.

मी बसल्या बसल्या हिशेब केला. दहा सेंटीमीटर जाडीची एक मीटर लांब कांडी असेल तर तिच्यातून सुमारे ६४० किलोमीटर तार निघते. इथून चेन्नईला जाऊन जवळजवळ परत येण्याइतकी. आणि एक किलोमीटर तारेतल्या काचेचे वजन? २७ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळे.

दिवा एका गावात आणि उजेड दुसऱ्या गावात, असा तंतू आपल्या देशात टेलिफोनसाठी प्रथम १९७९ मध्ये पुण्यात चालू झाला, गावातल्याच एक्स्चेंजना जोडायला. पुणेकरांनी हसू नये, पण हा मान खरोखरच त्यांचा आहे! चेन्नईहून अंदमानला समुद्रातून गेलेली सुमारे २३०० किलोमीटरची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली.

उटीला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे, तिथे तर दिवा आकाशातून येतो. विश्वकिरणांचे कण प्लास्टिकच्या एक चौरस मीटरच्या तक्त्यांवर आदळले की क्षीण चमक उठते. तक्त्यात चर पाडून बसवलेले तंतू ती चमक टिपून प्रकाशमापक नळीपर्यंत नेतात.

आता जो विषय मला आज खरोखर मांडायचा होता तो मांडतो. पुढच्या वर्षी उत्सवात आपल्या घराघरांतले जुने मोडी कागद आणि तंजावरी चित्रे यांचे प्रदर्शन भरवावे, असे समितीत बोलणे चालू आहे. कल्पना उत्तम आहे. पण प्रदर्शन म्हटले की मांडववाले हॅलोजन आणतात, त्याची मला धास्ती वाटते. कागदावरची शाई आणि चित्राचे रंग उजेडाने उडतात, आणि उडालेला रंग परत येत नाही. झीज साठत जाते, रात्री विश्रांती दिली म्हणून भरून निघत नाही. अशा वस्तूंवर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड नको, असा संग्रहालयांचा दंडक आहे. भर उन्हात हा आकडा एक लाखापर्यंत जातो. म्हणजे एक तास उन्हात ठेवलेल्या कागदावर जेवढा उजेड पडतो, तेवढा पन्नास लक्सच्या कपाटात रोज आठ तासांप्रमाणे अडीचशे दिवसांत पडतो. तंजावरी चित्राला उष्णतेचेही भय. लाकडी फळी, वर कापड, त्यावर खडू-डिंकाचा उठाव आणि सोन्याचा वर्ख. फळी तापून आखडली की उठाव तडकतो. घरोघरी चित्राच्या चौकटीवर जो छोटा दिवा बसवलेला असतो, तो आज घरी गेल्यावर काढला तरी चालेल.

आपल्या मखराला गेली काही वर्षे प्लास्टिकच्या तंतूंची जी सजावट असते, तीच इथे वापरता येईल. तो तंतू ॲक्रिलिकचा असतो. काही दहा मीटरांपलीकडे त्यात उजेड टिकत नाही, पण आपल्याला दहा मीटरही नको आहेत. फुला-कापडांत, पाण्याजवळ तो ठेवला तरी शॉक लागत नाही, कारण तिथपर्यंत वीज जातच नाही. संग्रहालयांनी हीच युक्ती कपाटांसाठी वापरली. दिव्याची पेटी कपाटाच्या बाहेर, काचेच्या आत फक्त तंतूंची टोके. धग बाहेर, आणि अतिनील किरण पेटीतच गाळलेले. आता चांगले एलईडी आल्यामुळे बरीच संग्रहालये तंतू सोडून थेट एलईडी लावतात. ते स्वस्त पडते, पण एलईडीचीही पाठ तापते, आणि बंद कपाटात ती धग कोंडते. माझे मत असे की एलईडी पेटीतच ठेवावा आणि उजेड तंतूने न्यावा. पेटी मी करून देईन.

एक मात्र लागेल. ज्यांच्या घरी रुमालात बांधलेले मोडी कागद, जुनी पत्रे किंवा चित्रे आहेत आणि ती देण्याची तयारी आहे, त्यांनी वस्तू आत्ता आणू नयेत. फक्त लांबी-रुंदी मोजून समितीकडे लिहून द्यावी, म्हणजे कपाटे त्या मापाची करता येतील आणि कुठलाही कागद घडी घालून ठेवावा लागणार नाही. दाराजवळच्या टेबलावर एक जुनी इस्पितळाची केबल, प्लास्टिकचे तंतू आणि काचतंतूचा एक तुकडा ठेवला आहे. मुलांनी काचतंतूला हात लावू नये, त्याचे कण बोटात शिरले तर दिसत नाहीत. केबल मात्र खुशाल खिडकीकडे धरून काळे ठिपके मोजावेत.